पडद्यावरची पिवळी रेघ

संगमनेरात आमच्या ह्यांना सगळे 'सर' म्हणत. आमच्या पुढच्या खोलीत पेटीचा आणि गाण्याचा क्लास चालायचा, आणि आसपासच्या बऱ्याच घरांतली मुलं कधी ना कधी त्या सतरंजीवर बसून गेलेली. मीही इथे त्यांना सरच म्हणते. मी प्राथमिक शाळेत नोकरी केली, तिथून निवृत्त झाले. म्हणून लोक मला 'बाई' म्हणतात. पण घरात माझी ओळख सरांची बायको एवढीच होती. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले.

सर शिकवायला कडक. मुलाचा सूर चुकला की ते ओरडत नसत. पुढे वाकून पेटीचा भाता तळहाताने दाबून बंद करत. आवाज मध्येच मरायचा आणि मूल कावरंबावरं व्हायचं. "चुकीवरून पुढं गेलं की चूक पाठ होते," असं त्यांचं म्हणणं. मी स्वयंपाकघरात काही गुणगुणायला लागले तर पुढच्या खोलीतून आवाज यायचा, "गंधार उतरलाय." त्यात राग नसायचा. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं ते सांगायचे. हळूहळू माझं गुणगुणणं बंद झालं. कधी बंद झालं ते त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही.

माझ्या दिरांची मुलगी अकरावी-बारावीला आमच्याकडे होती. ते जामखेडला. तिकडे तिला हवं तसं कॉलेज नव्हतं, म्हणून आमच्याकडे ठेवली. आम्हाला मूल नाही. तिचा डबा, तिची सर्दी, तिच्या मैत्रिणींची भांडणं, सगळं मी केलं आणि हौसेनं केलं. पुढे ती पुण्याला ॲनिमेशन शिकली, तिकडेच नोकरीला लागली. मग कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा ती जामखेडला न जाता आमच्याकडे आली आणि गच्चीवरच्या खोलीत राहू लागली. मला फार बरं वाटलं होतं.

दिवसा ती कंपनीचं काम करायची. उरलेल्या वेळात स्वतःचं काहीतरी चालायचं. एकदा तिनं सरांना लॅपटॉप दाखवला. काळ्या पडद्यावर रंगीत रेघा, ठिपके, गोल उजवीकडून डावीकडे सरकत होते. मध्ये एक पांढरी उभी रेघ स्थिर. ती म्हणाली, "काका, ही नोटेशनच आहे. फक्त हलणारी. आपला रंग पांढऱ्या रेघेला लागला की आपण वाजवायचं. वर असेल तर वरचा सूर, खाली असेल तर खालचा. रेघ जाड झाली की आवाज मोठा. ठिपका असेल तर तुटक."

"कुठला सूर?" सरांनी विचारलं.

"तो तुम्ही ठरवायचा. ऐकायचं आणि ठरवायचं. चार-पाच जण मिळून."

"म्हणजे चुकलं कधी म्हणायचं?"

"चुकत नाही काका. तेच तर आहे."

सरांनी चष्मा काढला. "मग हे गाणं नाही. ही रांगोळी आहे," ते म्हणाले आणि क्लासची वेळ झाली म्हणून उठले. ती लॅपटॉप घेऊन वर गेली. जेवायला खाली आली तेव्हा डोळे लाल होते. मी तिच्या ताटात शेंगदाण्याची चटणी जरा जास्त वाढली. मी दुसरं काय करणार?

पुढच्याच उन्हाळ्यात, एका सकाळी एका विद्यार्थ्याला सरावाचे पलटे देताना सरांचा उजवा हात पट्ट्यांवरून घसरला. मुलाला वाटलं, सर मुद्दाम थांबले. ते कलंडले तेव्हा त्यानं मला हाक मारली. नाशिकला नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड उजवीकडे उतरलं, आणि भाषा गेली. 'बघ', 'नको', 'अगं' असे मोजके शब्द राहिले. त्यातच सगळं बसवायचं. पाणी हवं असलं तरी 'बघ', आणि मी चुकीचं काही आणलं की 'नको'.

डॉक्टर म्हणाले होते, समज शाबूत आहे. तेच जास्त वाईट होतं. घरी आल्यावर सरांनी पेटी मागवून घेतली. डावा हात चांगला होता. मी समोर बसून भाता मारायचा, त्यांनी डाव्या हाताने वाजवायचं, असं ठरलं. आयुष्यभर हजारदा वाजवलेली बंदिश त्यांनी सुरू केली. पहिली ओळ अर्धी झाली आणि बोटं भलतीकडे गेली. ते थांबले. पुन्हा सुरू केली. पुन्हा तिथेच बोटं सुटली. वाट कुठे मोडते हे त्यांना ऐकू येत होतं. पुढचं पाऊल मात्र सापडत नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी पुढे वाकून तळहाताने भाता बंद केला, जसा ते मुलांचा करायचे. माझा हात त्यात सापडला. मी तो ओढून घेतला नाही. ते रडत होते.

त्यानंतर पेटी कपाटावर गेली. क्लासची सतरंजी गुंडाळून ठेवली.

काही महिन्यांनी पुतणी म्हणाली, "काकू, ती खोली मला संध्याकाळी द्याल? दोघं येणार आहेत वाजवायला." मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ते तेव्हा सगळ्यालाच होकारार्थी मान हलवायचे.

येणाऱ्यांपैकी एक संबळ वाजवणारा. जागरण-गोंधळाच्या कार्यक्रमांना जाणारा, चाळिशीचा, दाट मिशांचा माणूस. पुतणीनं कुठल्याशा लग्नघरी त्याचा गोंधळ पाहिला होता आणि त्याच्या मागेच लागली होती. दुसरी आमच्या गल्लीतली सिस्टर, सरकारी दवाखान्यात नोकरीला. रविवारी चर्चमध्ये गाते, आवाज भरदार. ती सरांचं बीपी बघायला येतच असे. भिंतीवर माझी पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर आला. संबळाला लाल रंग, सिस्टरला निळा.

सर आतल्या खोलीत पलंगावर होते. मी दार लोटायला गेले तर म्हणाले, "नको." मग खुर्ची दारात ओढून त्यांना बसवलं. ते पडद्याकडे बघत होते. संबळवाला पहिल्यांदा गोंधळलेलाच होता. लाल ठिपके आले की त्याची कांडी सवयीनं ताल धरायची आणि ठिपके भलत्याच अंतरानं यायचे.

"ताई, ह्यो ताल न्हाई," तो पुतणीला म्हणाला.

"ताल नकोच आहे. बघा आणि वाजवा."

"बघून वाजवायचं म्हंजे रस्ता ओलांडल्यागत झालं. गाडी आली की थांबायचं."

सिस्टर हसली. पुतणीही हसली. मग पुन्हा सुरू केलं आणि या वेळी काहीतरी जमलं. निळी रेघ लांब, वर चढत गेली. सिस्टरचा आवाज तिच्यासोबत चढला. लाल ठिपके रेघेच्या पोटाखालून तुरुतुरु गेले. सर पुढे झुकले आणि कपाटाकडे बोट करून म्हणाले, "बघ."

मी पेटी खाली काढली. पुतणीनं काही न विचारता लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि पडद्यावर एक पिवळी रेघ आली. एकच. बारीक, सरळ, संथ. सरांनी डाव्या हाताचं एक बोट एका पट्टीवर ठेवलं. मी समोर बसून भाता मारला. सूर लागला, आणि रेघ संपेपर्यंत लागलेला राहिला. पुढे कुठे जायचं नव्हतं, आठवायचं काही नव्हतं. तो एकच सूर चुकीचा असणं शक्यच नव्हतं. रेघ संपली. सरांनी बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. आजारपणानंतर मी तो चेहरा पहिल्यांदाच इतका मोकळा पाहत होते.

मग आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आम्ही बसू लागलो. 'आम्ही' म्हणते, कारण भाता माझ्याकडे होता. पडदा बाजूच्या भिंतीवर, पेटी मध्ये, सर इकडे, मी तिकडे. पिवळी रेघ जाड व्हायला लागली की मला ते आधी दिसायला हवं, कारण आवाज मोठा करणं माझ्या हातात. ती बारीक होत गेली की हवा अगदी जपून सोडायची. सूर कुठला ते सर ठरवत. तो किती जगणार, थरथरणार की ठाम उभा राहणार, ते मी. सुरुवातीला मी फक्त घाबरत होते. मग घाबरणं कमी झालं. सरांच्या डाव्या खांद्यावरून मला कळायचं की आता ते पट्टी बदलणार. आणि सिस्टर श्वास घेताना मला ऐकू यायची, तेव्हा मी तिच्यासाठी हवा धरून ठेवायची.

एका संध्याकाळी रेघ जाडच होती, पण मला वाटलं, सोडून बघावं. मी भाता थांबवला. सूर पातळ झाला, काठावर आला, जरा फडफडला, आणि तुटायच्या आत मी पुन्हा हवा दिली. एखाद्यानं बोलता बोलता आवंढा गिळावा तसं झालं. संबळवाल्यानं कांडी वर धरूनच ठेवली. सरांनी मान वर केली. मला वाटलं, आता हात पुढे येतो आणि भाता बंद होतो. ते म्हणाले, "बघ." आणि बोटानं खूण केली. पुन्हा कर.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझं वाजवणं असं कधी मागितलं नव्हतं.

एकदा लॅपटॉप अडकला. पिवळी, निळी दोन्ही रेघा पांढऱ्या रेघेवर तशाच थांबल्या. नियम असा की रंग लागलेला आहे तोवर थांबायचं नाही. सिस्टरचा श्वास संपेपर्यंत तिनं सूर धरला, मग खोकली. संबळवाल्याचे ठिपके अजून यायचे होते, तो हात बांधून बसला आणि म्हणाला, "आमची गाडी फाटकाला अडकली." सरांनी बोट काढलं नाही. मीही भाता सोडला नाही. पुतणी लॅपटॉपवर कटकट बटणं दाबत होती आणि आम्ही दोघं तो एकच सूर ओढत होतो, आणि सर हसायला लागले. आवाज करून, तिरक्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळेच हसले. हे सुख मी विसरणार नाही, आणि त्यापायीच पुढचं सगळं जास्त लागलं.

पुतणी कधी कधी मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्ड करायची. "आपल्यालाच ऐकायला," ती म्हणायची. नंतर ती एका पुण्याच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत होती. त्यासाठी एक चांगला कॅमेरा आणला, दोन संध्याकाळी चित्रीकरण केलं. "काका, चालेल ना?" सरांनी मान हलवली. मला विचारलं नाही. मी भाता मारत होते.

पुढे एका दुपारी शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली हात जोडलेली चित्रं आणि 'धन्य ती पत्नी.' मी उघडला. सुरुवातीला सरांचा कुठल्यातरी गणपती उत्सवातला जुना तुकडा, धोतर-झब्बा, दोन्ही हात पट्ट्यांवर धावताहेत. मग काळं. मग आमची खोली. कॅमेरा सरांच्या तोंडावर गेला. उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळते आहे. माझा पदर येतो आणि ती पुसतो. मग माझा चेहरा, वाकलेला. अक्षरं आली: 'सूर हरवलेला कलावंत. साथ न सोडणारी पत्नी.'

मला कळायला जरा वेळ लागला की ऐकू येतंय ते आमचं नाही. आमचा आवाज काढून टाकला होता. वर कुठलंतरी रडवेलं पियानोचं संगीत घातलं होतं. पडद्यावरची पिवळी रेघ मागे पुसट दिसत होती, शोभेला.

मी गच्चीवर गेले. पुतणी कानाला हेडफोन लावून काम करत होती. मी मोबाईल पुढे धरला.

ती म्हणाली, "काकू, मी सांगणारच होते. एवढा पसरेल असं वाटलं नव्हतं."

"आमचा आवाज कुठाय?"

"तो पूर्ण व्हिडिओत आहे. अर्जासोबत पाठवलाय. हा फक्त छोटा, लोकांसाठी."

"लोकांसाठी आमचा आवाज का नाही?"

तिनं लॅपटॉप मिटला. मग सरळ बोलली, हे तिचं मला मान्य करावं लागेल. "कारण तो कोणी ऐकत नाही काकू. मी आधी टाकून पाहिला होता. लोक लगेच पुढं सरकवतात. त्यांना कळत नाही काय चाललंय. गोष्ट असली की थांबतात."

"आणि गोष्ट म्हणजे काकांची लाळ."

"असं नका ना बोलू. मी काकांवर प्रेम करते."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तुला इतक्या जवळून घेता आलं."

ती रडली. मी खाली आले. तिनं व्हिडिओ काढून टाकते म्हटलं, आणि काढलाही असेल. पण तोवर तो दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये पोचला होता, आणि पाण्यात मीठ पडलं की ते काढता येत नाही.

संबळवाला आला तेव्हा त्यानंही पाहिलेला होता. "माझं हात तेवढं दावलं, बाई," तो म्हणाला. "तोंड न्हाई. आमच्या पोरीनं विचारलं, बापू, ह्ये तुमचंच हात हायेत का? मी म्हनलं, व्हय, हात माझेच." सिस्टर त्यात कुठेच नव्हती. तिला त्याचं हसू येत होतं, पण ते हसू बरं नव्हतं. "बरंच झालं," ती म्हणाली. "मी असते तर गोष्टीत बसलेच नसते. दोघांच्या मध्ये ही तिसरी कोण, असं वाटलं असतं लोकांना."

सरांना दाखवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण एक जुना विद्यार्थी, आता संगमनेरातच कापडाचं दुकान असलेला, शाल आणि पेढे घेऊन आला. मी चहा टाकायला आत गेले. "सर, तुम्ही फेमस झालात," असं म्हणून त्यानं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. मी बाहेर आले तेव्हा पियानो वाजत होता. सर शेवटपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने तोंडाचा उजवा कोपरा पुसला. तिथे तेव्हा काहीच नव्हतं. पुन्हा पुसला. विद्यार्थी बिचारा खुश होता. त्यानं पाया पडून सेल्फी घेतला.

त्या संध्याकाळी सगळे जमले. चादर लावली. मी पेटी पुढे ओढली तर सर म्हणाले, "नको." पुतणीनं नवं चित्र सुरू केलं, नुसतं बघा म्हणाली. पिवळी रेघ आली, पांढऱ्या रेघेला लागली आणि आवाजाशिवाय निघून गेली. सर पडद्याकडे बघतच नव्हते. ते हनुवटीखाली रुमाल धरून बसले होते. पुढे दोन-तीनदा मी एकटीनं प्रयत्न केला. पडदा नको, कोणी नको, नुसता एक सूर धरू, असं म्हटलं. ते माझा हात भात्यावरून उचलून बाजूला ठेवायचे. जोर न करता, अगदी सांभाळून. तसंच परक्या माणसाचा हात आपण बाजूला करतो.

गल्लीत मात्र माझं नाव झालं. वटपौर्णिमेच्या आधी महिला मंडळाच्या चौघीजणी आल्या. त्यांना माझा सत्कार करायचा होता, आजच्या काळातली सावित्री म्हणून. मी त्यांना बसवलं, चहा दिला. म्हटलं, "तुम्ही जे पाहिलंत ते तसं नाही. मी त्यांची सेवा करत नव्हते. मी वाजवत होते."

अध्यक्षबाई हसल्या. "तेच तर, बाई. तुम्हाला त्यात सेवा वाटतच नाही, हाच मोठेपणा."

"भाता मारणं म्हणजे वाजवणंच असतं. आवाज माझ्या हातात होता."

"हो ना. त्यांच्यामागं तुम्ही होतात."

"मागं नाही. समोर."

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि विषय बदलला. सत्काराला मी गेले नाही. साडी आणि नारळ घरी आणून दिला, आणि बाईंना प्रसिद्धीची हौस नाही असं गल्लीभर झालं. यातून सुटका नाही हे मला त्या दिवशी कळलं. मला चांगली बायको व्हायचं नव्हतं. ती तर मी आधीच होते, तिचा मला कंटाळा आला होता. आयुष्याच्या या टोकाला मला एक गोष्ट वाजवता यायला लागली होती, आणि ती सगळ्या गावासमोर करताना मी कोणाला दिसले नाही. पदर तेवढा दिसला.

पुतणीला शिष्यवृत्ती मिळाली. ती पुण्याला राहायला गेली. जाताना सरांच्या पाया पडली. सर म्हणाले, "अगं," आणि डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिला डबा करून दिला. सवय.

काही महिन्यांनी तिचा पुण्यात कार्यक्रम झाला. तिनं फोन केला, तिकीट पाठवलं, खूप आग्रह केला. सरांना सिस्टरजवळ ठेवून मी सकाळच्या एसटीनं गेले. सभागृह लहान पण छान होतं. भला मोठा पडदा. वाजवणारे पुण्याचे, तरुण, सगळे शिकलेले. संबळाच्या जागी तबला आणि आणखी काही तालवाद्यं. निळ्या रंगाला एक गाणारी मुलगी. पिवळ्याला कीबोर्डवर एक मुलगा.

चांगलं झालं. मला तसं म्हणायची इच्छा नव्हती, पण चांगलं झालं. आकार किती वाढले होते, जाळी व्हायची, फुटायची, पुन्हा जुळायची. ते लोक एकमेकांना ऐकत होते. काही ठिकाणी माझ्या अंगावर काटा आला, आणि प्रत्येक वेळी मला राग आला. पिवळी रेघ आली की माझी बोटं मांडीवर हलायची. रेघ जाड व्हायच्या आधीच मला कळत होतं.

शेवटी पुतणी माइकवर बोलली. गावातली एक खोली, एक आजारी कलाकार, त्यांची पत्नी. मग म्हणाली, "माझ्या काकू आज इथं आहेत." लोक वळले, टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले. बसून राहिले असते तर तो आणखी एक तमाशा झाला असता.

नंतर बाहेर चहाच्या टेबलाजवळ कीबोर्डवाला मुलगा माझ्याकडे आला. नम्र होता. म्हणाला, "मी तुमच्या संगमनेरच्या मूळ रेकॉर्डिंग सगळ्या ऐकल्यात. एक विचारू? पेटीचा सूर काही ठिकाणी जवळजवळ तुटतो आणि परत येतो. मी खूप प्रयत्न केला, मला जमत नाही. काका ते कसं करायचे?"

एवढ्या सगळ्यांत ऐकलेलं फक्त यानं होतं. आणि त्यालाही वाटत होतं, ते काकांचं होतं.

मी सांगू शकले असते. तोंडावर आलं होतं. पण त्याच्या मागे पुतणी उभी होती, कोणाशी तरी हसून बोलत, आणि मला वाटलं, हेही सांगितलं की उद्या हेही गोष्टीत जाईल. पदरासोबत.

"जुनी पेटी आहे," मी म्हटलं. "भाता गळतो."

तो हसला, आभार मानले. पुतणीनं जेवून जा म्हटलं. बस चुकेल असं सांगून मी निघाले.

संगमनेर बसस्थानकावर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या, म्हणून चालतच घरी आले. सिस्टरनं सरांना खुर्चीत बसवून टीव्हीवर बातम्या लावल्या होत्या. आता संध्याकाळी ते तेच बघतात, आवाज बंद करून. सिस्टरनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "गर्दी होती." सरांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग पुन्हा टीव्हीकडे.

सिस्टर गेल्यावर मी हातपाय धुतले, भाकरी दुधात कुस्करली आणि त्यांच्यासमोर बसले. पहिला घास भरवताना ते म्हणाले, "अगं." मी थांबले. पुढचा शब्द यायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मी चमचा हातात धरून वाट पाहिली. पण पुढे काही आलं नाही.